पुसायचा आवाज

आपल्या संगीताला चाहते आहेत, असं संगीतकार घरात छाती ठोकून सांगायचा. अनेकवचन आदरापोटी होतं. चाहता एकच होता.

तो परगावी राहायचा आणि प्रत्येक रेकॉर्डिंगवर लांबलचक ईमेल लिहायचा. संगीतकार सिंथेसायझरमधून असे आवाज काढायचा, की वहिनी आधी गॅस बंद आहे का ते बघून यायची. चाहत्याला मात्र त्यात विश्वाचं एकटेपण ऐकू यायचं. ऐकल्यावर दिवसभर कुणाशी बोलवलं नाही, असं तो अभिमानाने कळवायचा.

यंदा संगीतकाराने वर्षभर खपून ‘अखेरचा उजेड’ ही रचना केली आणि चाहत्याला सगळ्यांआधी पाठवली.

“तो कोसळणार, वहिनी.”

“बसून ऐक म्हणावं,” वहिनी म्हणाली.

उत्तर आलं. ‘आजवरचं तुमचं सगळं काम याच्यापुढे फिकं आहे. केवळ एक घरघर! मध्येच ती थांबते, तेव्हा मला वडिलांचा शेवटचा श्वास आठवला. मग थरथरून पुन्हा सुरू होते. वडील पुन्हा सुरू झाले नव्हते. मी रडलो.’

संगीतकाराच्या रचनेत घरघर नव्हती. आपण काय पाठवलं ते बघायला त्याने फाईल उघडली आणि तो खुर्चीतच खचला. काम सुरू करण्याआधी तो रिकाम्या खोलीचा आवाज टिपून ठेवायचा, म्हणजे नंतर रेकॉर्डिंगमधून तेवढा पुसता येई. चाहत्याला तो पुसायचा आवाज गेला होता. आणि खोलीच्या भिंतीपलीकडे वहिनीचा फ्रिज होता.

खरं सांगावं, तर एकुलता एक चाहता जाणार. त्याने लिहिलं, ‘आपल्या कानांना वंदन.’

चाहत्याने लिहिलं, ‘दुसरा भाग कधी?’

नेमका तेव्हाच दादाने नवा फ्रिज ठरवला.

“जुना राहू दे,” संगीतकार म्हणाला.

“भावजी, त्यात दूध नासतं.”

“माझ्या कारकिर्दीचा प्रश्न आहे, वहिनी.”

“कारकीर्द बाहेर ठेवा. आत नासेल.”

दादाने सगळं प्रकरण ऐकून घेतलं. “इतकी वर्षं वाजवतोयस,” तो म्हणाला, “एक रसिक मिळाला, तोही फ्रिजला.”

दुसरा भाग आला नाही, म्हणून चाहता स्वतःच आला. काळा स्वेटर, आणि चेहरा असा, की दार उघडताच वहिनीने विचारलं, “कोण गेलं?”

संगीतकाराने त्याला खुर्चीत बसवून खरा ‘अखेरचा उजेड’ लावला. चाहता सभ्यपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, “जरा बंद करता? पलीकडचं नीट ऐकू येत नाहीये.”

तो उठला, भिंतीला कान लावला आणि तसाच चाचपडत स्वयंपाकघरात गेला. फ्रिजच्या दारावर कपाळ टेकून उभा राहिला. फ्रिजने घरघर थांबवली. चाहत्याचे खांदे हलू लागले.

“विकायचाच आहे,” वहिनी हळूच म्हणाली.

जिन्यावरून उतरवताना फ्रिजची खालची बाजू संगीतकाराकडे आली. वाटेत फ्रिजने उरलंसुरलं पाणी त्याच्या पायावर सोडलं. टेम्पोत चाहता फ्रिजशेजारी बसला. निरोप घ्यायला त्याचा एक हात मोकळा नव्हता, आणि दुसराही.

मग ईमेल बंद झाले. संगीतकाराने दोन नव्या रचना पाठवल्या. काही नाही. भिंतीपलीकडचा नवा फ्रिज तर इतका गप्प होता, की पुसायलाही काही उरलं नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी चाहत्याकडून एक फाईल आली. सोबत एकच ओळ: ‘आमच्याकडचं पहिलं रेकॉर्डिंग. अभिप्राय कळवावा.’

संगीतकाराने नाक मुरडून ती लावली. संपली तरी तो जागचा हलला नाही. वहिनीने दोनदा जेवायला बोलावलं, पण त्याला बोलवेना.

मग त्याने लांबलचक ईमेल लिहिला. शेवटी विचारलं, ‘दुसरा भाग कधी?’