गायकेमामांचं नाक

माझ्या मुलीच्या बारशाला गायकेमामा आले, पाळण्यावर वाकले आणि उजव्या हातानं तिच्या अंगावरचा वारा दोन-तीनदा आपल्या नाकाकडे ओढून घेतला. सासूबाईंना वाटलं, हे दृष्ट काढताहेत. "दुधाचा वास हाय. बेस," मामा म्हणाले. सासूबाईंनी खूश होऊन पेढा दिला, तर मामांनी पेढ्यावरूनही वारा घेतला.

मामा आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. मूळचे पिशोरचे, राहायला छावणी भागात एका खोलीत, एकटे. नोकरीला लागल्या लागल्या कुणा प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं होतं की बाटलीला कधी नाक लावायचं नाही, हातानं वारा ओढून वास घ्यायचा. ते त्यांनी जन्मभरासाठी मनावर घेतलं. चहा, भजी, नवे प्राचार्य, कुणीही त्यातून सुटलं नाही. दरवर्षी नव्या पोरांना रांगेत उभं करून ते बजावत, "वारा घ्यायचा, नाक द्यायचं नाय."

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एखादा पोरगा रडकुंडीला आला की मामा त्याच्या परीक्षानळीवरून वारा घेत आणि पुटपुटत, "अमोनिया हाय, लिही." ते कधी चुकले नाहीत. डिपार्टमेंटमधल्या दोन्ही डॉक्टरेटवाल्यांपेक्षा मामांचं नाक भरवशाचं, असं बाहेरून आलेले परीक्षकसुद्धा म्हणत. त्या दोघांतली एक मी. मला एकच गोष्ट खटकायची. वास घेताना मामा नळीकडे बघतच नसत, आमच्या तोंडाकडे बघत. मला वाटे, शाबासकी हवी असेल.

फक्त डब्यात मेथीची भाजी असली की त्यांचा हात हलत नसे. "आमच्या हिच्या डोक्याला मेथीचं तेल असायचं," असं एकदा बोलले आणि ग्लास धुवायला उठून गेले. मामींना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. सकाळी मी प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि गॅसचा भपकारा आला. कोपऱ्यातल्या बर्नरचा नळ उघडा राहिला होता. मामा टेबलापाशी होते, पुढ्यात चहासाठी स्पिरिटचा दिवा, एका हातात काडेपेटी आणि दुसऱ्यात काडी. मी धावत जाऊन काडेपेटी हिसकावली. नळ बंद केला, खिडक्या उघडल्या.

"मामा, वास येत नाही का तुम्हाला?"

मामा स्टुलावर बसले. "नाय येत," ते म्हणाले. "अकरा वरसं झाली. त्या सडक्या अंड्याच्या गॅसनं नाक खाल्लं माझं. आधी थोडं थोडं, मग समदं गेलं."

"मग परीक्षेत सांगता ते?"

"तुमची तोंडं बघतो की. अमोनिया आला की तुमचे डोळे बारीक व्हत्यात. सडक्या अंड्याला तुम्ही व्हट मुडपता. जमलं नाय तर रंग बघायचा."

मला हसू आलं नाही. संताप आला, आणि त्याच्या मागोमाग दया आली. मी कुणाला सांगितलं नाही, ते योग्य होतं की नाही मला अजून ठरवता आलेलं नाही. काडेपेटी माझ्या कपाटात गेली आणि सकाळी प्रयोगशाळा मीच उघडायची असं ठरलं.

आठवड्यानं, पोरं निघून गेल्यावर, मामा कापडाचं घट्ट गाठोडं घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, आता तुम्हाला म्हाईतच हाय, म्हणून इचारतो. हे तिचं शेवटचं नेसलेलं लुगडं. धुतलं नाय. मला तर काय कळत नाय, पण तिचा वास असंल का त्यात अजून? कशाचा येतो तेवढं सांगा. दुसऱ्या कुणाला कसं इचारू?"

त्यांनी गाठ सोडली आणि डांबरगोळ्यांचा उग्र दर्प टेबलभर पसरला. हिरव्या लुगड्याच्या प्रत्येक घडीत गोळ्या होत्या, काही झिजून हरभऱ्याएवढ्या झालेल्या. "दर दिवाळीला नव्या टाकतो," मामा म्हणाले. "कसर लागू नये, अन् वास आत कोंडून ऱ्हावा." डांबरगोळी न वितळता थेट हवेत जाते आणि सापडेल त्यात मुरते, हे मी पोरांना याच टेबलावर शिकवते. सात वर्षं ती त्या लुगड्यात मुरत होती. दुसरा कसलाच वास त्यात उरला नव्हता.

मी वाकले. हातानं वारा घेतला. मामा लुगड्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, तरी मी डोळे बारीक होऊ दिले नाहीत. कपाळाला आठी पडू दिली नाही. इतकी अवघड परीक्षा मी कधी दिली नव्हती.

"मेथीचा," मी म्हणाले.

"व्हय?"

"व्हय, मामा. मेथीचाच."

मामांनी लुगड्यावरून दोनदा वारा घेतला, सावकाश. मग खिशातून पुडी काढून चार नव्या पांढऱ्या गोळ्या घडीत सारल्या. "ह्यांच्यामुळंच टिकला," ते म्हणाले. खरं सांगायचंच होतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, पण माझ्याच्यानं झालं नाही. गाठ घट्ट बसावी म्हणून त्यांनी मला वर बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं.