सातव्या टॅबची भेट

चौकट निळी होती, दोन पिक्सेल जाडीची. कीबोर्डवरची टॅबची कळ दाबत गेलं, की ती वाचनालयाच्या वेबसाइटवर एका बटणावरून दुसऱ्यावर सरकायची आणि आपण कुठं आहोत ते दाखवायची. वेबसाइट टायपिंगच्या सरांच्या लेकीनं बनवली होती. वाचनालयाच्या कार्यवाहबाईंना चौकट खटकली. "चुकलेल्या शब्दाला मास्तरांनी गोल केल्यासारखं दिसतं गं. काढून टाक." तिनं एक ओळ लिहून चौकट काढली. बाईंच्याच आग्रहानं फॉर्ममधली अक्षरं फिकट राखाडी केली आणि बटणांच्या रांगेत 'वस्तू भेट द्या' असं एक नवं बटण घुसवलं. चहा निवायच्या आत सगळं झालं.

तिचे बाबा माउसला हात लावत नसत. बत्तीस वर्षं त्यांनी खालच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवला होता, शिकणाऱ्याच्या बोटांवर फडकं टाकून. "डोळ्यांना काय विचारता? बोटांना विचारा," हे त्यांचं पालुपद. लेकही त्याच फडक्याखाली शिकली. सकाळी बारा यंत्रं एकदम सुरू झाली की वरच्या मजल्यावर कपबशा किणकिणत, आणि ओळ संपल्याच्या घंटा मागेपुढे वाजत राहत. त्या आवाजात तिची सगळी शाळा झाली होती.

क्लास बंद होऊन अकरा वर्षं झाली तरी यंत्रं खोळी घालून तिथंच बसली होती. बाबांचे गुडघे जिन्याला वैतागले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "यंत्रं कुणाला तरी देऊ, तुमची कॉट खाली आणू," ती म्हणे. बाबा म्हणत, "बघू." अकरा वर्षं ते बघतच होते.

वाचनालयाच्या सभासदत्वाचं नूतनीकरण मात्र ते वेबसाइटवर स्वतः करत. सात टॅब, मग एंटर, हे त्यांना पाठ होतं. नवं बटण नेमकं सातव्या जागी बसलं आहे हे सांगायला चौकट उरली नव्हती. त्यांनी सात मोजले आणि एंटर मारलं. फॉर्ममधल्या चौकोनांत काय भरायचं ते फिकट अक्षरांत लिहिलेलं होतं, ते त्यांना धुक्यासारखं दिसलं. त्यांनी अंदाजानं नाव भरलं, पत्ता भरला. पुढं आकडा हवा असावा म्हणून सभासद क्रमांक टाकला, बारा. शेवटच्या चौकोनात लिहिलं, 'नेहमीप्रमाणे'.

तिकडे कार्यवाहबाईंनी वाचलं: वस्तूंची संख्या बारा. बाईही एकेकाळी त्या फडक्याखालून गेलेल्या. सरांकडे बारा काय आहे, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. 'नेहमीप्रमाणे' हा त्यांना सरांचा साधेपणा वाटला. त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन फिरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दारात टेम्पो, सहा जुने विद्यार्थी आणि एक पुष्पगुच्छ.

"सर, काय बोलू? तुम्ही रडवलंत आम्हाला," बाई म्हणाल्या.

"नूतनीकरणाला एवढी माणसं लागतात?"

"गंमत करू नका, सर. वाचनालयात टायपिंगचा कोपरा करतोय. तुमच्या नावाची पाटीही रंगवायला टाकली."

"कसला कोपरा?"

तोवर दोघांनी पहिलं यंत्र उंबऱ्यापर्यंत आणलं होतं. लेक जिना उतरून आली. बाईंच्या फोनवरचा फॉर्म पाहताच तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गप्प राहिलं तर अर्ध्या तासात खोली रिकामी होणार होती. ती मिनिटभर गप्प राहिलीही. पण बाबा पुष्पगुच्छ छातीशी धरून, हरवलेल्या माणसासारखे त्या यंत्राकडे बघत होते.

"थांबा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. सातवं बटण मी बदललं, आणि कुठं आहोत ते दाखवणारी चौकट मीच काढली."

"मी सांगितलं म्हणून," बाई पुटपुटल्या. "मला ती नुसती शोभेची वाटली, सर."

"शोभेची?" बाबा पायरीवर बसले. "आमच्या यंत्रावर डोळे मिटले तरी कळायचं, कुठं आहोत. तुमच्या पानावर उघडे ठेवून कळेना. मला वाटलं, डोळे गेलेच आता. हिला सांगितलंही नाही."

लेकीनं वर जाऊन लॅपटॉप आणला आणि तिथंच पायरीवर बसून चौकट परत लावली, अक्षरं काळी केली, प्रत्येक चौकोनाच्या डोक्यावर त्याचं नाव ठळक लिहिलं. या कामालाही एका चहाएवढाच वेळ लागला, याची तिला जास्त लाज वाटली.

"मॅडम, चढवायचं की आत ठेवायचं?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"आत ठेवा," बाई म्हणाल्या.

यंत्र परत टेबलावर गेलं. ठेवणाऱ्यानं सवयीनं खोळ काढली, कागद सरकवला आणि वर छताकडे बघत एक ओळ मारली. घंटा वाजली.

"तिसरं बोट अजून आळशीच आहे तुझं," बाबा म्हणाले. मग त्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढला. "सरक. माझं नूतनीकरण राहिलंय."

निळी चौकट टपटप पुढं सरकू लागली. लेक मनात मोजत होती. सातव्यावर बाबा थांबले.

"बाबा, अजून एक. नूतनीकरण आता आठवं आहे."

"दिसतंय मला."

त्यांनी एंटर मारलं. नाव, पत्ता, आणि 'वस्तूंची संख्या' या ठळक अक्षरांखाली एकच कळ, दोनदा.

"आता काय करू ते तरी सांगा," टेम्पोवाला म्हणाला.

"अकरा चढवा," बाबा म्हणाले. "बारावं माझ्या उशाशी राहील. आणि जाण्याआधी दोघं जण वर जाऊन माझी कॉट खाली आणा."