जर्मनाच्या बाहीवरचं फूल

"जर्मन असा ताडमाड हुबा. आन् म्या त्येच्या बाहीला हात घातला..."

वडिलांचा, म्हणजे आबांचा, हा आवाज सूर्यकांतने लहानपणी इतका ऐकला होता, की आखातातल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीतूनही तो कानी यायचा. आबा पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीच्या लढाईला गेले आणि येताना एक कापडी बिल्ला घेऊन आले. गडद हिरव्या लोकरीवर भरलेलं पांढरं डोंगरफूल, भोवती दोराचं वेटोळं. जर्मनांच्या डोंगरी फौजेची ही खूण. तो बिल्ला उद्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रदर्शनात काचेखाली बसणार होता. शेजारी पुठ्ठा: 'समोरासमोरच्या लढाईत मिळवलेला'.

ऑफिसातला विन्स्टन वसईचा. कॅश सांभाळायचा आणि हौसेने लढाईचे बिल्ले जमवायचा. सूर्यकांतने त्याला कौतुक करायला घरी बोलावलं. तो नोटा तपासायचा जांभळा दिवा घेऊन आला.

"लाइट घालव," विन्स्टन म्हणाला. "जुना धागा ह्या उजेडात मेल्यासारखा पडून राहतो. नकलेचा चमकतो."

दिवा लागला. फूल चांदण्यात न्हालेल्या जाईसारखं उजळलं. शुभ्र, निळसर, निर्लज्ज.

"खलास," विन्स्टन म्हणाला. "रिप्रॉडक्शन आहे. सॉरी बाबा."

"अरे, मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून बघतोय!"

"म्हणजे एकोणीसशे साठच्या पुढे. तेव्हा नकला निघायला लागल्या होत्या." त्याने बिल्ला नाकाशी नेला. "आणि पन्नास वर्षांच्या लोकरीला ट्रंकेचा वास हवा. ह्याला फुलांचा येतोय!"

"फूलच आहे ना ते," सूर्यकांतची बायको मंजुषा किचनच्या दारातून पुटपुटली.

सूर्यकांत सोफ्यावर बसला तो पेरणी हुकलेल्या शेतासारखा. बिल्ला गेल्याचं त्याला काही नव्हतं. आबांचा शब्द गेला होता. आबांच्या ज्या मिशीकडे बघत तो आयुष्यभर ताठ चालला, ती मिशीच त्या उजेडात नकलेसारखी चमकत होती.

"आबा खोटं बोलले?" त्याने छताला विचारलं.

विन्स्टनला दया आली. "अजून एक चाचणी आहे. एक धागा जाळायचा. नवा वितळून गोळी होतो, जुन्याची राख होते."

"काढ धागा! आता काय राहिलंय!"

"टोकाचा एकच हं..."

सूर्यकांतने स्वतःच नख लावलं. धागा आला, पण एकटा नाही आला. मागोमाग पाकळी उसवत आली, तिच्यामागे शेजारीण.

"थांब, थांब!"

"मी थांबलोय! तोच थांबत नाहीये!"

फूल अर्धं बोडकं झालं तेव्हा कुठे धागा तुटला. विन्स्टनने काडी लावली. भुरकन जळला आणि चिमूटभर राख उरली.

"राख!" विन्स्टन किंचाळला. "म्हणजे जुना आहे! पण मग चमकला कसा?"

"अहो," मंजुषा ओढणीला हात पुसत पुढे आली. "परवा मी धुतलं ते. धुण्याच्या पावडरीत चांगलं भिजवून. चार माणसांत मांडायचं तर मळकट कसं ठेवायचं? वासाचं पाणीपण घातलं थोडं."

विन्स्टन मटकन खाली बसला. "वहिनी, कपडे पांढरे दिसावेत म्हणून त्या पावडरीतच चमक घालतात! सूर्या, ओरिजिनल आहे रे! होतं, म्हणजे."

सूर्यकांतला रडावं की हसावं कळेना. हे उसवलेलं, साबणाचा वास मारणारं फूल जगात कुणीही अस्सल मानणार नव्हतं. पण आबा खरे ठरले होते! त्याने तिथल्या तिथे गावी फोन लावला.

"आबा, बिल्ला अस्सल निघाला! तपासून घेतला!"

"त्यात तपासायचं काय? अस्सलच हाय त्यो."

"उद्या मंडळात सगळ्यांना तुमची लढाई सांगणार आहे. पुठ्ठ्यावर लिहिलंसुद्धा!"



"लिहू नगंस," आबा म्हणाले.

"का?"

"म्या लढलो न्हाई, सूर्या. कैद्यांची कापडं उकळायच्या कामावर हुतो, उवा मारायला. गावी येऊन जरा फुशारकी मारली, तर तुझ्या आयनं जात्यावर ओवीच बांधली त्येची. गावभर झाली. मंग तिला खोटं पाडू व्हय?"

"पण आबा, तो ताडमाड जर्मन? त्याच्या बाहीला हात घातला ते?"

"हात घातला ते खरं हाय," आबा हळूच म्हणाले. "बाही दोरीवर वाळत हुती. आत मानूस न्हवता."