उजवीकडे तीस, डावीकडे चोवीस

"चोवीस नंबर देऊ की तीस, असं दुकानदारानं विचारलं," सासरे म्हणाले. "मी म्हटलं, मोठा द्या. घट्ट झाला तर उसवायचा कुठून?"

जावयानं नवाकोरा ब्रेक चेंबर हातात फिरवून पाहिला आणि ओठांवर आलेलं वाक्य गिळून टाकलं. हा चाकामागे बसणारा, लहानशा पातेल्याएवढा लोखंडी डबा. पेडल दाबलं की त्यात हवा भरते, आतला दांडा पुढे सरकतो आणि चाक आवळलं जातं. डबा मोठा, तर जोरही मोठा. ट्रकच्या पुढच्या दोन्ही चाकांना चोवीस नंबरचे डबे होते. त्यांतला उजवा हवा सोडायला लागला म्हणून नवा आणायचा होता, आणि आला होता तीस.

सासऱ्यांचा जन्म शिंपीकामात गेला. वाढत्या पोरांचे कपडे शिवून शिवून, माप घेतलं की वर थोडं सोडायचं, हे त्यांच्या रक्तातच भिनलं होतं. नजर अधू झाल्यावर दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला आले होते आणि आल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद होतं: "तुम्हाला माझी अडचण झाली की सांगा, मी धाकट्या भावाकडे जातो." डबा आणायचं काम त्यांनी हट्टानं मागून घेतलं होतं. आता "चुकलात" म्हणावं, तर म्हातारा संध्याकाळच्या आत पिशवी भरून तयार! आणि जावयाला तर ते जन्मभर घरात हवे होते. तो दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होता तेव्हा सगळ्या गोतावळ्यानं नाकं मुरडली होती. या एकाच माणसानं त्याला घरात बोलावून, पाट मांडून, शेजारी बसवून जेवू घातलं होतं.

"झकास आहे, बाबा," जावई म्हणाला आणि डबा उजव्या चाकाला चढवला.

संध्याकाळी सिमेंट कंपनीचा साहेब ट्रकचे ब्रेक बघायला येणार होता. त्याच्या मनात भरलं तर वर्षभराचं काम, नाहीतर स्वतःचा पहिलावहिला ट्रक दारात शोभेला. म्हणून जावयानं घरासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी हळूच चालवून ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे अशी काही वळली की शेजाऱ्यांच्या दोन कुंड्या गेल्या.

"जमीनच उतरती आहे," जावई खाली उतरत म्हणाला.

"हो, दिसतेय खरी," सासरे म्हणाले. जमीन टेबलावर पसरलेल्या कापडासारखी सपाट होती, हे दोघांनाही दिसत होतं.

त्यानंतर जावयाची बायको भाजी आणते म्हणून गेली आणि थोड्या वेळानं आलीही. ती येते न येते तोच नवरा तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मी चोवीस नंबरचा आणतो आणि गुपचूप बदलतो. बाबांना सांगशील तर माझी शपथ!" तिनं काही बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात सासरे बाहेर आले. "ऑइल आणतो हो," असं मोठ्यानं ओरडून नवरा निघून गेला.

तो कोपऱ्यावरून वळला मात्र, सासऱ्यांनी खाटेखालून एक खोकं ओढलं. त्यात तीस नंबरचा दुसरा डबा होता! कुठलीही वस्तू ते जोडीनंच घ्यायचे.

"एक बाही मोठी, एक लहान. गाडी वाकडी जाणारच," ते कुजबुजले. "डावीकडेही मोठाच बसवतो. जावईबापूंना बोललीस तर माझी शपथ आहे, पोरी."

"अहो बाबा, पण..."

"शपथ घातली ना?"

जावयाचं काम त्यांनी सकाळी डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. चाकांना ठोकळे लावले, टाकीतली हवा सोडली आणि दोन नट, एक खीळ, एक नळी, असं करत त्यांनी डाव्या बाजूला तीसचा डबा बसवलासुद्धा. काढलेला चांगला डबा समोर दिसायला नको म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या भंगारवाल्याला देऊन टाकला. मग समाधानानं जाऊन ते आडवे झाले.

जावई परतला. सासरे घोरताहेत असं पाहून त्यानं उजवीकडचा तीस काढला आणि चोवीस लावला. डावीकडे पाहायचं त्याला काय कारण? पुन्हा गाडी चालवली, ब्रेक दाबला. या वेळी गाडी डावीकडे वळली आणि पलीकडच्या बाईंची वाळत घातलेली चादर घेऊनच थांबली.

"वाटलंच होतं," त्या बाई कठड्यावरून म्हणाल्या. "सकाळी त्यांच्या कुंड्या झाल्या, म्हटलं आमची पाळी कधी?"

सासरे धावत आले, वाकून चाकामागे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "उजवा बदललात? मी डावा बदलला हो!"

जावयानं वाकून डाव्या चाकामागे पाहिलं. "आणि काढलेला चोवीस?"

"भंगारात."

जावयानं दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "चोवीसचा शेवटचा तुम्हीच नेलात की! आता आठवड्यानं या." साहेब यायची वेळ होत आली होती. सासरे आत गेले आणि पिशवी भरायला लागले.

"माझ्या पायी तुमचं काम गेलं, जावईबापू. मी भावाकडे जातो."

"पुरे झाली तुमची नाटकं!" लेक दारातून कडाडली. "दोघांनी शपथा घालून माझं तोंड शिवलंत, आता ऐका." तिनं भाजीच्या टोपलीत हात घातला आणि मेथीच्या जुडीखालून चोवीस नंबरचा नवा डबा काढला. "कुंड्या फुटल्या तेव्हाच गेले होते दुकानात. जुना डबा समोर ठेवला आणि म्हटलं, अस्साच द्या. बाबा झोपले की यांना देणार होते. पण मला बोलू देतंय कोण?"

दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पाने उचलले आणि दोघे मिळून ट्रकखाली शिरले.

साहेबानं स्वतः गाडीत बसून चार वेळा ब्रेक मारायला लावला. चारही वेळा गाडी नाकासमोर सरळ जाऊन थांबली. "उद्यापासून माल भरा," एवढंच म्हणून तो गेला.

जावई सासऱ्यांकडे वळला. "बाबा, मला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा तुम्ही मला जेवू घातलंत, मुलगी दिलीत. एक काय, शंभर डबे चुकीचे आणा. पण भावाकडे जायचं नाव काढू नका. उद्याच्या पहिल्या फेरीला माझ्या शेजारी तुम्हीच बसायचं."

सासऱ्यांनी पिशवीतलं धोतर काढून पुन्हा खुंटीवर टाकलं आणि बराच वेळ त्याच्या निऱ्या सारख्या करत राहिले.

"बसतो," ते शेवटी म्हणाले. "पण वाटेत काही बिघडलं तर?"

"तर तुम्ही दोघंही कशाला हात लावायचा नाही," लेक म्हणाली. "मला फोन करायचा."