ब्रेकवरचा पाय

"सून चांगली आहे गं. फक्त घरात आहे की नाही, ते कळत नाही."

सासूबाई फोनवर नणंदेला सांगत होत्या. मी त्यांच्या पाठीमागेच, उशांचे अभ्रे शिवत बसले होते. (म्हणजे मुद्दा त्यांनी मांडला आणि सिद्ध मी केला.) त्याच क्षणी ठरवलं, आता आपण घरात आहोत हे घराला कळलंच पाहिजे.

संधी लगेच आली. ती अशी यायला नको होती.

सासऱ्यांची एक जुनी गाडी आहे, माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी आणि ऑटोमॅटिक. सासूबाई तिला 'थोरली' म्हणतात, आणि स्वतःला धाकटी. थोरलीच्या गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. हे तेल लालभडक असतं. मला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा परसात जमिनीवर डाग दिसला तेव्हा सासऱ्यांना कुठे कापलंय ते बघत मी त्यांच्यामागे घरभर फिरले होते. (कोणाला विचारलं नाही. नुसती फिरले.)

गळती बुजवून झाली होती. आता नवीन तेल भरायचं. किती भरायचं, ते गिअरबॉक्स कोणता यावर ठरतं. आणि कोणता, यावर बापलेकांचं जमत नव्हतं. या गाडीला लहान आणि मोठा असे दोन तऱ्हेचे गिअरबॉक्स यायचे. वरची माहितीची पट्टी गंजून गेलेली. ओळखायचं ते तळाच्या पत्र्याच्या आकारावरून.

"एक कोपरा कापलेला आहे. म्हणजे मोठा," सासरे गाडीखालून म्हणाले.

"कापलेला नाही बाबा, चेपलेला आहे. घातली असेल तुम्हीच कुठेतरी दगडावर. लहान आहे."

"मी घातली? दगडावर?"

"बरं, पत्र्याचे बोल्ट मोजा. मोठ्याला चौदा असतात, लहानाला तेरा."

"मोजले. चौदा."

"तेरा. पहिला तुम्ही शेवटी परत मोजलात."

शेवटी लहान धरून तेल ओतलं. जास्त झालं तर उपसत बसावं लागेल, असं नवऱ्याचं म्हणणं. सासरे नुसतं "हं" म्हणाले. (ते हं मला आवडलं नव्हतं.) पुढचं काम इंजिन चालू ठेवून करायचं: ब्रेक दाबून दांडा एकेका गिअरमधून फिरवायचा, म्हणजे तेल आत सगळीकडे पोचतं. त्याला गाडीत माणूस हवा.

"मी बसते," मी म्हणाले.

आवाज कुठून आला, ते दोघांनी शोधलं.

"बस. पण ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, आणि मी सांगितल्याशिवाय दांडा हलवायचा नाही," सासरे म्हणाले. मला गाडी येत नाही, हे सांगायचं राहून गेलं.

इंजिन सुरू झालं आणि सीटसकट मी थरथरायला लागले. दांडा फिरवत फिरवत आम्ही 'डी'पर्यंत आलो. 'डी' म्हणजे गाडी पुढे जाते, एवढं मला माहीत होतं. पुढे काय होतं? पुढे बॉनेट उघडून उभं होतं, त्यामुळे मला काहीच दिसत नव्हतं. पण बॉनेटच्या पलीकडे सासरे होते, त्यांच्या मागे स्वयंपाकघराचं मागचं, दोन फळ्यांचं रुंद दार, आणि मधे जागा सासऱ्यांपुरतीच.

नेमकं तेव्हाच सासऱ्यांनी तेल मोजायची कांडी बाहेर काढली.

"कांडी कोरडी आहे. सांगत होतो, मोठा आहे."

"नीट पुसली नाहीत म्हणून तसं दिसतंय."

"कोरडी कांडी काय पुसायची?"

भांडण रंगलं. गाडी जागच्या जागी धरणाऱ्या 'पी'वर घे, असं कोणी म्हणेना. माझा पाय आधी दुखला, मग कापायला लागला, मग तो माझा आहे की नाही हेच कळेना. मनात मी सासऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणलं होतं. त्यापुढचं मी मनात येऊ दिलं नाही. "बाबा, सरका," मी दोनदा म्हणाले. इंजिनने ते गिळलं.

आतून सासूबाईंनी विचारलं, "चहा टाकतेय. सूनबाई कुठे आहे?"

"असेल आत," माझा नवरा म्हणाला.

तेव्हा मात्र माझ्या तोंडून असा आवाज निघाला की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "बाबा, बाजूला व्हा. गाडी गिअरमध्ये आहे."

सासरे खिडकीशी आले. दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पाय काढ."

"बाबा, नको."

"अगं, काढ तर."

मी डोळे मिटून पाय काढला. थोरली जागची हलली नाही.

"बघ," सासरे मुलाला म्हणाले. "लहान असता तर एवढ्या तेलात गाडी सरकली असती. मोठा आहे म्हणून पुरलं नाही. सुनेने एका पायात ओळखलं, तू बोल्ट मोजत बस."

इतका वेळ जिवाच्या आकांताने जी गाडी मी थोपवून धरली होती, ती हलूच शकत नव्हती. पण कौतुक झालं होतं. मी मुंग्या आलेला पाय वर घेऊन चोळत बसले. दोघं दोन बाजूंनी इंजिनावर वाकले आणि नवरा मुकाट्याने राहिलेलं तेल ओतायला लागला. 'डी'चं पुन्हा सगळेच विसरले. (सगळ्यांत मीही आले.)

तेल पुरलं.

थोरली अगदी हळू निघाली. नरसाळं घेऊन नवरा एकीकडे उडाला, कांडी घेऊन सासरे दुसरीकडे. मी ब्रेकवर पाय टाकला, पण झोपलेला पाय भलतीकडेच पडला. गाडीच्या रेट्याने स्वयंपाकघराचं दार कुरकुरत उघडलं, उंबऱ्याला चाकं अडली, इंजिन बंद पडलं, आणि त्या धक्क्याने बॉनेट धाडकन खाली आलं.

काचेपलीकडे ओट्यापाशी सासूबाई उभ्या होत्या, हातात गाळणी. गाडीचं नाक त्यांच्या चहापासून हातभर अंतरावर. त्या माझ्याकडे बघत होत्या.

काहीतरी बोलणं भाग होतं. मी काच खाली केली.

"आई," मी म्हणाले, "मी घरातच आहे."