विटांची नवरी

"भाषण तर करावंच लागेल," एल्सेने नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं. "नवरीचा बाप उठून बोलला नाही, असं लग्न अख्ख्या डेन्मार्कमध्ये झालेलं नाही."

"माझं भाषण तळघरात तयार होतंय," थोरकिल्ड म्हणाला.

त्याची पस्तीस वर्षं गावच्या खेळण्यांच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या विटा तपासण्यात गेली होती. सदोष वीट तो डोळे मिटून ओळखायचा. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की तो काहीतरी काम काढून पळायचा. एकुलत्या एका लेकीला, सिग्नेला, तो आजवर कधी 'शाब्बास' म्हणाला नव्हता. म्हणून सहा महिने खपून त्याने चार हजार विटांचे नवरा-नवरी उभे केले होते. ते टेबलावर ठेवायचे आणि गप्प बसायचं, असा साधा बेत.

"निदान गोंद तरी लाव," एल्से म्हणाली.

"गोंद?" बायकोने घर विकायला काढल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "वीट विटेला धरते. नाही धरली तर तो बांधणाऱ्याचा दोष!"

लग्नाच्या हॉलमध्ये पुतळे नवरा-नवरीच्या टेबलावर विराजमान झाले. लोकांनी वाहवा केली. आणि मग आस्गरचा, म्हणजे नवरदेवाचा, काका हॉल्गर सूत्रसंचालकाच्या थाटात उठला.

"आता नवरीच्या वडिलांचं भाषण!"

थोरकिल्डने पुतळ्यांकडे बोट दाखवलं. "हेच."

"पुतळे बोलत नसतात, थोरकिल्ड."

पाहुणे आपापल्या ताटल्यांकडे बघू लागले. ते अवघडलेपण मोडावं म्हणून कुणा भल्या माणसाने जमिनीवर पाय आपटायला सुरुवात केली. पाय आपटले की नवरा-नवरीने टेबलाखाली शिरून मुका घ्यायचा, हा रिवाजच. बघता बघता सत्तर पाहुण्यांचे एकशेचाळीस पाय थडाथड वाजू लागले.

"थांबा! पाय नको!" थोरकिल्ड खुर्चीवर चढून ओरडला. "ताटल्या वाजवा! म्हणजे खुर्चीवर उभं राहून घेतील मुका!"

ऐकतो कोण! तरीही त्या दणदणाटात विटांच्या नवरीचं फक्त नाक उडालं. थोरकिल्डने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात सहा फूट चार इंचांचा आस्गर टेबलाखालून जरा लवकरच उभा राहिला.

चार हजार विटा हॉलभर पसरल्या.

"घाबरू नकोस," हॉल्गर गुडघ्यांवर बसत म्हणाला. "इथे निम्मे लोक कारखान्यातलेच आहेत. आत्ता उभं करतो." सगळा हॉल जमिनीवर बसला आणि जो तो मन मानेल तशी वीट लावू लागला. थोरकिल्डचं डोकंच फिरलं.

"अरे, ते नाक नाही, हनुवटी आहे! नाक वर वळलेलं हवं. खोटं बोलताना ती करते ना, तसं. सातव्या वर्षी माझी सायकल तळ्यात घातली आणि म्हणाली, 'वाऱ्याने गेली!'"

"खांदे एवढे रुंद?" हॉल्गरने विचारलं.

"रुंदच! एल्से आजारी होती तेव्हा सगळं घर त्याच खांद्यांवर होतं. मी नुसती कॉफी करायचो. तीसुद्धा कुणी पिऊ शकायचं नाही!"

"आणि हा हात?"

"आस्गरच्या हातात दे. अरे, इतका घट्ट नको! घट्ट धरलं की ती निघून जाते. दोन वर्षं कोपनहेगनला जाऊन राहिली, फोनसुद्धा नाही. चूक माझी होती. सैल धरा, म्हणजे राहते."

एकही वीट आता हलत नव्हती. सत्तर माणसं जमिनीवर बसून खुर्चीवरच्या थोरकिल्डकडे बघत होती.

हॉल्गरने घड्याळ पाहिलं. "पंचवीस मिनिटं. आजचं सर्वांत लांब भाषण."

"कसलं भाषण? मी कुठे भाषण केलं?"

सिग्नेने डोळे पुसले, टेबलाखालून नाकाची वीट शोधून काढली आणि पुतळ्याच्या चेहऱ्यावर दाबून बसवली. ती चक्क उलटी बसली होती. थोरकिल्डची बोटं शिवशिवली, हात अर्ध्यापर्यंत पुढे गेला.

"बरोबर लागली ना, बाबा?"

थोरकिल्डने हात खिशात घातला.

"शाब्बास," तो म्हणाला.