खोलगट बाजू मागे

टायरवरच्या रबराच्या वल्ह्याची, म्हणजे वाळू रेटणाऱ्या उभ्या पट्टीची, जाडी मुळाशी अकरा मिलिमीटर होती आणि टोकाशी सहा. ताईने कॅलिपर पुन्हा लावून पाहिला. सहाच. तिने वहीत आकडा लिहिला, टायर थोडा फिरवला आणि पुढचं वल्हं मोजायला घेतलं.

"मॅडम, आठही सारखीच आहेत," टायरवाला काउंटरमागून म्हणाला. "एकाच साच्यातली."

"असतील. पण मोजलेली बरी."

टायरवाल्याने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. हा तेविसावा शनिवार होता.

प्रकरण सुरू झालं धाकट्या भावामुळे. त्याने जुनी एटीव्ही घेतली होती, चार जाड चाकांवर वाळूत पळणारी गाडी. ती त्याला मित्रांबरोबर वाळूच्या टेकड्यांवर हुंदडायलाही हवी होती आणि वर्षातून एकदा होणाऱ्या ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ रेषेत शंभर मीटर कोण आधी गाठतो त्या शर्यतीत, उतरवायलाही हवी होती. पंचाईत अशी की हुंदडायला मागच्या चाकांवर कमी वल्ह्यांचे टायर बरे, वळताना गाडी अडत नाही. शर्यतीला जास्त वल्ह्यांचे बरे, वाळू मागे रेटतात आणि गाडी सुसाट सुटते. पण वल्ही फार झाली तर लहान इंजिनाचा जीव जातो. दोन जोड्या घेतल्या असत्या तर प्रश्न मिटला असता, पण आईने फर्मान काढलं होतं.

"जिन्यात आधीच चार टायर पडलेत. आणखी एकच जोडी येईल. दुसरी आली तर मी जाते बाहेर राहायला."

तेव्हा दोन्ही कामांना चालेल अशी एकच जोडी निवडायची होती. ते काम ताईकडे आलं, कारण बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं वाळू चाळत होती. वाळूचा कण केवढा, ओल किती, हे तिच्याइतकं घरात कुणालाच कळत नव्हतं, आणि इतकं कळून घ्यायची कुणाला गरजही नव्हती.

तिने टेकड्यांवरून सात बरण्या वाळू आणली. ती आईच्या ओव्हनमध्ये वाळवली. त्याच ओव्हनमधला केक खाताना शेजारच्या काकूंची दाढ कचकन वाजली आणि काकूंनी महिनाभर अबोला धरला. मग ताईच्या लक्षात आलं की सकाळची वाळू दमट असते आणि दुपारची कोरडी. म्हणजे पुन्हा सात बरण्या.

"ताई, गाडी चालवायचीय गं मला, तिच्यावर प्रबंध नाही लिहायचा," धाकटा म्हणाला.

"घाईत घेतलेला टायर जन्मभर छळतो."

"जन्मभर? टायर?"

ताईने वहीत डोकं खुपसलं. कारण सातव्या शनिवारी टायरवाल्याने हात पुसत पुसत वेगळंच विचारलं होतं. "मॅडम, मी एकटाच आहे. तुमचंही लग्न झालेलं नाही. आपण दोघांनी लग्नाचा विचार केला तर?" तेव्हा ताईने, एक्केचाळीस वर्षांची सवय म्हणून, "विचार करून सांगते" असं म्हटलं होतं. त्याला सोळा शनिवार झाले. त्याने पुन्हा विचारलं नव्हतं. चहा तेवढा न चुकता येत होता. टायर ठरला की दुकानात यायचं कारण संपणार, हे ताईला कळत होतं. वहीत त्याची नोंद नव्हती.

"पुढच्या महिन्यात मी नसेन बहुतेक," टायरवाला आज कप उचलताना म्हणाला. "भाऊ त्याच्या गावी बोलावतोय, भागीदारीला. शर्यत झाली की त्याला कळवायचंय."

ताईच्या हातातला कॅलिपर मिटला. "आठ वल्ह्यांचेच द्या," ती म्हणाली. निदान एक तरी गोष्ट ठरली.

पण बसवणं बाकी होतं. तिने अकरा कलमांचा कागद आणला होता. चौथं कलम होतं, 'वल्ह्याची खोलगट बाजू मागे', आणि शेजारी सुबक आकृती. टायरवाल्याने कागद पाहिला, मग टायर पाहिला.

"मॅडम, हे उलटं होईल."

"नाही होणार. खोलगट बाजूने वाळू मागे ढकलायचीय ना? मग ती मागेच हवी."

"टायरवर बाण आहे, तो दुसरीकडे दाखवतोय."

"छापताना चूक होऊ शकते. मी हे तर्काने काढलंय."

त्याने आणखी एकदा सांगून पाहिलं. ताईने कागदावर बोट ठेवलं. त्याने मान डोलावली आणि कागदाबरहुकूम टायर बसवले.

शर्यतीच्या दुपारी आई छत्री घेऊन हजर होती. टायरवालाही कुंपणाशी उभा होता. झेंडा पडला. शेजारची गाडी सुटली. धाकट्याची गाडी गुरगुरली, थरथरली आणि खड्डा करत जागच्या जागी आसापर्यंत खाली गेली.

"अगं, हा विहीर खणतोय का?" आई म्हणाली.

ताई कुंपणाखालून वाकून पाहत होती. चाकाच्या माथ्यावर खोलगट बाजू अगदी आकृतीप्रमाणे मागे होती. मात्र खाली, जिथे वाळू होती, तिथे ती पुढे होती. चाक गोल असतं. तिने चित्र काढताना दिसणारा भाग पाहिला होता आणि काम न दिसणारा भाग करणार होता. तिचे कान गरम झाले.

तेवढ्यात धाकट्याने खड्ड्यातून निघायला रिव्हर्स गिअर टाकला. गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली.

"ताई! उलटी झकास चालतेय गं!"

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीला धाकट्याने गाडीची पाठ पुढे करून ती रेषेवर उभी केली. पंचांनी नियमांची पुस्तिका दोनदा चाळली. चारही चाकं रेषेमागे हवीत असं तीत होतं. तोंड कुणीकडे हवं, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. झेंडा पडला. धाकटा मान मुरगळून मागे बघत, बैलगाडीच्या वेगाने पण न अडता निघाला. प्रतिस्पर्ध्याला हसू आवरेना. हसता हसता त्याने नको तेवढा गॅस दिला आणि निम्म्या वाटेवर स्वतःच वाळूत रुतला. धाकट्याने गाडीची पाठ पुढे ठेवूनच शेवटची रेषा ओलांडली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि आई छत्री.

ताई कुंपणाशी गेली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं. सांगितलंही."

"मग बसवले कशाला?"

"तुमची इतकी खात्री होती. आणि उलटे बसलेले टायर काढून सरळ करता येतात, मॅडम. अर्ध्या तासाचं काम."

ताईने वाळूतल्या खड्ड्याकडे पाहिलं. तेवीस शनिवार, चौदा बरण्या, अकरा कलमं, आणि शेवटी हा खड्डा. तरीही धाकटा मान चोळत हसत होता, आणि आभाळ जिथल्या तिथे होतं. एवढ्या मोठ्या चुकीनंतर इतकं कमी बिघडतं, ही नोंद तिच्याकडे आजवर नव्हती.

"टायर उद्या सरळ करू," ती म्हणाली.

"उद्या रविवार. दुकान बंद."

"माहितीये. म्हणून तर उद्या." आई छत्री मिटून कान देऊन उभी आहे, हे तिला दिसत होतं. "आणि भावाला कळवा, येत नाही म्हणून. सातव्या शनिवारी विचारलं होतंत ना, त्याचं उत्तर 'हो' आहे."